कोंडाजी मिस्त्री आणि पिरंगुटची चढण

१९५७ सालच्या हिवाळ्यात मी मुळशीचं धरण बघायला म्हणून बुलेटवरून निघालो आणि पौडच्या अलीकडे गाडीने मान टाकली. किक मारून मारून पाय भरून आला. शेवटी रस्त्याने डोक्यावर भारा घेऊन चाललेल्या एका बाईने न थांबताच सांगितलं, "फटफटीवाल्या कोंडाजीकडं न्या की. फुडं वढ्याच्या कडंला पत्र्याची शेड हाय."

भाताच्या खाचराला लागून ती शेड होती. आत जमिनीवर भाताचं तूस पसरलेलं, सांडलेलं तेल त्यात जिरावं म्हणून. खाकी अर्धी चड्डी आणि बंडी घातलेला, चाळिशीचा, किडकिडीत माणूस बाहेर आला. त्याने मला काहीच विचारलं नाही. उकिडवा बसला, पेट्रोलचा कॉक बघितला, कार्बोरेटर उघडून फुंकला, एक किक मारली. गाडी चालू झाली. मग त्याने एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं कानामागच्या हाडाला लावलं आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला.

"शाळामास्तर हाय का तुमी?" डोळे मिटूनच त्याने विचारलं.

"हो. चित्रकला शिकवतो, पुण्यात. तुम्हाला कसं कळलं?"

"कोटाच्या खिशाला खडू लागलाय." त्याने डोळे उघडले. "गाडीला काई झालं न्हाई. कचरा व्हता. पर तुमी तिला चढाला वरच्या गेरातच रेटताय. तिला दम लागतोय. खालचा गेर कशापायी दिलाय मग?"

वर्गात पोरांना रागवावं तसा तो मला रागावला, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. पुढची पंचवीस वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिलो ती अशी.

कोंडाजींचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. तेव्हा ते लहान होते. वडिलांनी वर डोंगराच्या कुशीत नवं घर बांधलं, पण खाली होती तशी जमीन काही मिळाली नाही. एक्केचाळीस साली कोंडाजी फौजेत भरती झाले. तिथे साहेबाने विचारलं, काय येतं? हे म्हणाले, "मोट दुरुस्त करता येती." दुभाष्याने मोटेची मोटार केली आणि कोंडाजी वर्कशॉपमध्ये गेले. हा किस्सा ते स्वतःच सांगत आणि सांगताना तोंडावर हात धरून हसत. मिसर आणि इटली बघून, मोटारसायकलच्या पोटातला खिळान् खिळा पाठ करून सेहेचाळीस साली ते परत आले. लष्कराने भंगारात काढलेल्या तीन मोडक्या मोटारसायकली त्यांनी लिलावात घेतल्या आणि बैलगाडीत घालून पौडला आणल्या. लोक बघायला जमले. तिन्हींची मिळून त्यांनी एक चालती गाडी केली. तिच्यावर पुढे कितीतरी वर्षं ते गावोगावच्या पिठाच्या गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करत हिंडले. तिचा लष्करी रंगही त्यांनी बदलला नाही. सगळे तिला खाकी म्हणत.

पुण्यात आमचा मोटारसायकलवाल्यांचा एक छोटा क्लब होता. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा चार-पाच गावांच्या क्लबांनी मिळून दर हिवाळ्यात शर्यती ठरवायच्या, असं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. तीन शर्यती व्हायच्या. पहिल्या दोन शर्यती युद्धाच्या काळातल्या एका ओसाड धावपट्टीवर. तिसरी पिरंगुटच्या घाटात. खालून खिंडीपर्यंत दीड मैल, एकेकाने चढून जायचं, घड्याळ लावून. प्रत्येक टीमच्या पहिल्या दोघांचे गुण धरायचे आणि मोसमाच्या शेवटी ज्यांचे गुण जास्त ते अजिंक्य.

आमचा खरा गडी होता पिरंगुटचा जयसिंग. हैबतराव पाटलांचा एकुलता एक, चोवीस वर्षांचा, तालमीत कमावलेला. वळणावर तो गाडी अशी आडवी घाली की पायातल्या बुटाची कड झिजून जाई. त्याच्याकडे पाचशे सीसीची एक विलायती गाडी होती, एका गोऱ्या अधिकाऱ्याने देश सोडून जाताना विकलेली. टाकी लाल, म्हणून ती तांबडी. दुसरा मी, बुलेटवर. माझं काम शर्यत पुरी करायची आणि पदरात पडतील तेवढे गुण घ्यायचे. तिसऱ्याला अठ्ठावन्नच्या अखेरीस भिलाईत नोकरी लागली आणि तो गेला. फॉर्मवर तीन नावं लागत, म्हणून तिसऱ्या जागी आम्ही मिस्त्रींचंच नाव घातलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "नाव कागदावं ऱ्हाऊ द्या. मी गाडीखाली बरा."

आदल्या मोसमात आम्ही मुंबईकरांकडून थोडक्यात हरलो होतो. त्यामुळे एकोणसाठच्या खंडेनवमीला कोंडाजींच्या शेडमध्ये आम्ही जमलो तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकच होतं. कोंडाजींच्या बायकोने, सगुणाबाईंनी, पान्यांना, हातोड्यांना, तिन्ही गाड्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. पुण्याच्या एका दैनिकाचा बातमीदारही आला होता. त्याने वही काढून विचारलं, "यंदा अजिंक्यपदाची शक्यता कितपत?"

"लिहा, शंभर टक्के," जयसिंग म्हणाला.

बातमीदार कोंडाजींकडे वळला. कोंडाजींनी हाताला घासलेट चोळलं, मग राख, मग ते पुसत पुसत सावकाश बोलले.

"नशिबाचं म्हणाल तर मला ठावं न्हाई. गाड्यांचं सांगतो. मुंबईवाल्यांच्या गाड्या नव्या हायेत. सपाटीला त्या फुडं जातील. पर त्येंचा तो लांब पायाचा गडी वळणाला लई लवकर बिरेक मारतो. पट्टीवरल्या दोन्ही शर्यतीत जयसिंगानं पैलं-दुसरं काढलं आन मास्तर पाचात आलं तर आमी घाटात बरोबरीनं येऊ. घाट आमचा हाय. ऱ्हायली तांबडी. तिचं वय झालंय आन तिचा पार्ट हिंदुस्थानात मिळत न्हाई. ती मोसमभर टिकली तर शक्यता. न्हाई टिकली तर न्हाई."

"नाना, असं काय बोलता सणासुदीचं?" जयसिंग नाराज झाला. मिस्त्रींना तो नाना म्हणे.

"इचारलं म्हणून सांगितलं," कोंडाजी म्हणाले आणि सगुणाबाईंनी आणलेल्या खिरीची वाटी त्यांनी आधी त्याच्या हातात दिली.

मोसम मिस्त्रींनी सांगितला तसाच उलगडत गेला. नोव्हेंबरच्या शर्यतीत जयसिंग दुसरा, मी पाचवा. डिसेंबरमध्ये जयसिंग पहिला आणि मी, माझा मलाच विश्वास बसेना, चौथा. आम्ही तीन गुणांनी पुढे गेलो. राहिला होता फक्त घाट, आणि त्या घाटात जयसिंगला हरवणारा माणूस महाराष्ट्रात नव्हता. पिरंगुटच्या बाजारात लोक मला थांबवून हात मिळवू लागले. शाळेत हेडमास्तरांनी, जे आजवर माझ्या या नादावर नाक मुरडत, "कधी आहे हो ती चढण?" असं विचारलं.

घाटाची तारीख फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. आदल्या मंगळवारी शाळा सुटल्यावर मी पौडला गेलो. तांबडी उघडून पडलेली. तिचे भाग जुन्या धोतराच्या फडक्यावर ओळीने मांडलेले. जयसिंग दाराला टेकून उभा, तोंड लाल.

"आवाज येत व्हता," कोंडाजी मला म्हणाले. "कालपासनं. बारीक. मास्तर, खडू हाय का?"

मी खिशातून खडू काढून दिला. इंजिनात पिस्टनला खालच्या चाकाशी जोडणारा एक दांडा असतो, कनेक्टिंग रॉड. तो त्यांनी घासलेटात बुडवून ठेवला होता. बाहेर काढून कोरडा पुसला आणि त्यावर खडूची भुकटी चोळली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पांढऱ्या भुकटीत केसाएवढी एक काळी रेघ उमटली, दांड्याच्या मानेशी, आडवी. आत शिरलेलं घासलेट बाहेर झिरपत होतं. दांड्याला चीर होती.

"बगितली?" कोंडाजी म्हणाले. "ही गाडी आता चालायची न्हाई."

"तीन मिनिटांची चढण हाय नाना," जयसिंग म्हणाला. "तीन मिनिटं. इतके दिवस निघालं, आणखी तीन मिनिटं निघंल."

"निघंल बी. न्हाई बी निघायचं. मधीच तुटला तर चाक जाम हुईल. तू त्या टायमाला कड्याच्या अंगाला आसशील."

"माझी गाडी हाय. माझा जीव हाय. तुमी जोडून द्या."

"न्हाई."

"मग मी पुण्याला नेतो. जोडणारा कुनी बी भेटंल. खडू लावून बगणारा तुमच्याबिगर हाय कोण?"

ते खरंच होतं. जयसिंग वाकला आणि फडक्याची चार टोकं गोळा करू लागला.  कोंडाजी शांतपणे म्हणाले, "इटलीत भिकू म्हणून हुता. साताऱ्याकडला. निरोप घेऊन गाडीवं जायचा. एकदा घाई हुती. गाडीचा आवाज मला बरा वाटला न्हाई, पर साहेब म्हणला, सोड, आन मी सोडली. कागदावं मी सही केलती, गाडी पास म्हणून. दोन कोसावं पुलाखाली घावला तो. जयसिंग, माझी सही हाय त्या कागदावं."

जयसिंग थांबला, पण टोकं हातातून सोडली नाहीत. "मी भिकू न्हाई," तो म्हणाला.

तेव्हा कोंडाजींनी तो दांडा उचलला, बाकावरच्या वाइसच्या जबड्यात आवळला, लोखंड कापायची करवत घेतली आणि कापायला सुरुवात केली. जयसिंगला कळायलाच वेळ लागला. कळल्यावर तो ओरडून पुढे झाला, मी मध्ये आलो. खरं तर त्याच्यापुढे माझी काय ताकद, पण त्याने मला ढकललं नाही. करवत घासत राहिली. दांडा चिवट होता. बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ आम्ही दोघं तिथे एकमेकांना धरून उभे होतो. शेवटी तुकडा तुसात पडला.  तो दांडा गेली तीन वर्षं त्यांनी पोराच्या बोटांसारखा जपला होता.

जयसिंग निघून गेला.

दुसऱ्या दिवशी हैबतराव पाटील आले. भांडण होणार म्हणून सगुणाबाईंनी शेजारच्या दोघांना बोलावून ठेवलं होतं. हैबतराव फेटा काढून बाकड्यावर बसले. "कुटं हाय चीर? दावा," म्हणाले. कोंडाजींनी दांड्याचा तुकडा घासलेटात बुडवून, पुसून, खडू लावून दाखवला. काळी रेघ पुन्हा उमटली. पाटलांनी तो तुकडा उन्हाला धरला, नखाने रेघेवरून ओढून बघितलं.

"म्या त्याच्या आईला काय सांगितलं आसतं वो?" ते एवढंच म्हणाले. चहा घेतला, आणि जाताना तो तुकडा धोतराच्या सोग्यात बांधून घरी घेऊन गेले.

आता प्रश्न होता शर्यतीचा. टीमचे दोघं वर पोहोचले नाहीत तर एकही गुण धरत नसत. मी कोंडाजींना म्हणालो, "फॉर्मवर तुमचं नाव आहे."

"माजं? ह्या वयात?"

"खाकी आहे की."

"ती रेसची गाडी न्हाई मास्तर. टपाल न्यायची गाडी हाय."

त्यांनी दोन दिवस हो म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर खाकीचं मागचं कॅरियर, साखळीवरचं झाकण, हॉर्न, असं सगळं वजन काढून एका पोत्यात भरलेलं. 

रविवारी सकाळी घाटाच्या दोन्ही बाजूंना माणसं बसली होती. एस.टी.च्या दोन गाड्या खाली थांबवून ठेवलेल्या, त्यांतले उतारूही उतरून बघायला उभे. मी खालच्या ओळीत उभा असताना धुळाजी धनगर खांद्यावर घोंगडी टाकून माझ्याकडे आला. त्याची मेंढरं रोज तोच घाट चढत. "तिसऱ्या वळणाला मुरूम वाहून आलाय," तो म्हणाला. "डावीकडनं जावा. कालच माजं एक मेंढरू घसरलं."

अकरा गाड्या होत्या. मी सातवा निघालो. पहिलं वळण, दुसरं वळण, गाडी छान खेचत होती, आणि योग्य गेरात होती हे मी आवर्जून नोंदवतो. तिसऱ्या वळणाला मला मुरूम दिसला, धुळाजीचं बोलणं आठवलं, मी डावीकडे घेतली, तरी घाबरून मी ब्रेक दाबला. दाबायची गरज नव्हती. बुलेट जवळजवळ थांबली. तिथून ती पुन्हा वेगात येईपर्यंत जो वेळ गेला तो गेला. मी चौथा आलो.

कोंडाजी शेवटचे. खिंडीतून खालची सगळी वळणं दिसत. ते खाली लष्करी कोट घालून गाडीवर बसलेले दिसले. आणि मग मला दिसलं की गर्दीतून जयसिंग पुढे आला. मंगळवारपासून तो कुणाशी बोलला नव्हता. तो कोंडाजींपाशी गेला, आपल्या गळ्यातला गॉगल काढला आणि त्यांच्या डोक्यावरून चढवून मागे पट्टा आवळला. काही बोलले की नाही ते दिसत नव्हतं. निशाण पडलं.

खाकी काही पळाली नाही. पण ती कुठे थांबलीही नाही. कोंडाजी वळणाआधी वेग कमी करत नव्हते, कारण कमी करण्याइतका वेग नव्हताच. एकसारखी धडधडत, रस्त्याच्या नेमक्या जागेवरून, जणू खिशात कुणाचा तरी निरोप आहे आणि तो वेळेत पोहोचला पाहिजे अशी ती वर येत होती. तिसऱ्या वळणाला मुरमाच्या बाजूने ते असे गेले की एक खडा उडाला नाही. खिंडीजवळ कठड्याच्या दगडावर बायका बसल्या होत्या, त्यांत सगुणाबाई होत्या. त्या शर्यत बघायला पहिल्यांदाच आल्या होत्या. नवरा समोरून गेला तशा त्या उभ्या राहिल्या आणि शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या, "कोटाचं बटन लावलं न्हाई बगा!"

ते पाचवे आले. टपालाच्या गाडीवर, बेचाळिसाव्या वर्षी, पाचवे. मुंबईचा एक गडी पहिला आला, दुसऱ्याची गाडी गरम होऊन तो मागे पडला. घड्याळवाल्यांनी बेरजा केल्या, पुन्हा केल्या. आम्ही एका गुणाने हरलो.

तो एक गुण माझा होता. तिसऱ्या वळणावरचा. मी कोंडाजींना बाजूला घेऊन तसं सांगितलं. त्यांनी गॉगल काढला. डोळ्यांभोवती धुळीचं वर्तुळ उमटलं होतं.

"तुमी बिरेक मारला त्ये मला खालनं ऐकू आलं," ते म्हणाले. "बरं केलं. तुमास्नी भ्या वाटलं आन तुमी थांबला. त्येच करायचं आसतं."

मुंबईकरांचा कॅप्टन चषक घेऊन आला आणि कोंडाजींना म्हणाला, मुंबईला चला, आमच्या गाड्या बघा, खोलीही देतो. कोंडाजींनी चषक हातात घेऊन फिरवून बघितला, "झाळकाम चांगलं हाय," म्हणाले, आणि भाताच्या आवणीच्या दिवसांत आपल्याला इकडे राहावं लागतं असं सांगून नम्रपणे नाही म्हणाले.

जयसिंग मात्र शर्यतीनंतर शेडवर आला नाही. गॉगल दिला म्हणजे राग गेला असं नव्हतं. तांबडी तशीच उघडी पडून होती आणि तिच्याकडे बघितलं की त्यालाही त्रास व्हायचा, मिस्त्रींनाही. तो पावसाळाभर कोंडाजी एकाच कामाला लागले. खडकीच्या कारखान्यात कामाला असलेला एक जुना फौजी कारागीर त्यांनी गाठला, चांगल्या पोलादाचा एक ठोकळा मिळवला, आणि दोघांनी मिळून नवा दांडा घडवला. दोन बिघडले. तिसरा बसला. प्रत्येक वेळी ते घासलेट आणि खडू घेऊन बसत. माझ्या शाळेतला निम्मा खडू त्या पावसाळ्यात पौडला खर्च झाला असेल.

दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी तांबडी चालू केली आणि तिच्यावर बसून स्वतः पिरंगुटला हैबतरावांच्या दारात गेले. जयसिंग बाहेर आला. कोंडाजींनी गाडी बंद केली नाही. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिला. जयसिंग उकिडवा बसला, टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानामागे. बराच वेळ ऐकलं.

"काय ऐकू येतंय?" कोंडाजींनी विचारलं.

"काय न्हाई."

"मग ठीक हाय."

अजिंक्यपद आम्हाला कधीच मिळालं नाही. साठच्या मोसमात तिसरे आलो, पुढच्यात पुन्हा दुसरे, मग चीनच्या लढाईमुळे शर्यतीच बंद पडल्या आणि नंतर सुरू झाल्या तेव्हा आमची वयं झाली होती. पण एकसष्टच्या वैशाखात जयसिंगचं लग्न झालं. वरातीला घोडा आणला होता. जयसिंग म्हणाला, मी घोड्यावर बसणार नाही, नाना मला तांबडीवर नेतील. भाऊबंद खवळले. हैबतराव म्हणाले, "न्हेऊ द्या. त्याला जपून न्हेणारा माणूस हाय त्यो."

कोंडाजी धुतलेला लष्करी कोट घालून पुढे बसले, बाशिंग बांधलेला जयसिंग मागे. फेटा उडू नये म्हणून त्याने एका हाताने तो धरलेला, दुसऱ्या हाताने मिस्त्रींची कंबर. पुढे ताशेवाले, मागे सगळं गाव. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत जेमतेम दोन फर्लांग, पण तांबडी वरातीच्या चालीने न्यायची म्हणजे क्लच तापणार. कोंडाजी दर वीस पावलांवर गाडी थांबवत, खाली वाकून हात लावून बघत, आणि मागच्या लोकांवर ओरडत, "सायलेन्सरपासनं लांब ऱ्हावा! लुगडी जळतील!" देवळाशी पोहोचायला पाऊण तास लागला. घामाने निथळत ते उतरले आणि नवरदेवाला हात देऊन खाली उतरवलं, तेव्हा ताशेवाल्यांचे हात दुखून आले होते आणि जयसिंग हसून हसून उभा राहू शकत नव्हता.